सी प्रोग्रामपासून सर्किटपर्यंत: एचएलएस साधनासाठी कंपायलरचा पाया कसा निवडावा

हाय-लेव्हल सिंथेसिस, अर्थात एचएलएस, म्हणजे सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या गणनेपासून व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णनाच्या भाषांमधील सर्किट आपोआप तयार करणे. असे साधन स्वतः बांधू पाहणारा विद्यार्थी किंवा अभियंता भेटला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एलएलव्हीएम घेऊ की एमएलआयआर? हे दोन्ही कंपायलर बांधण्यासाठीचे तयार, मुक्त स्रोत पाये आहेत. प्रश्न रास्त आहे, परंतु तो फार लवकर विचारला जातो. कंपायलरच्या पायाची निवड त्याच्या नावलौकिकावरून करता येत नाही. आपल्या सर्किटला जी माहिती शेवटपर्यंत लागणार आहे ती त्या पायाच्या मध्यवर्ती रूपात, म्हणजे ज्याला सगळे आयआर म्हणतात त्यात, टिकते की वाटेत हरवते, हे पाहून ती करावी लागते. या लेखातील सर्व पायऱ्या याच कसोटीवर उभ्या आहेत.

लेख लिहिताना डोळ्यांसमोर बडोद्यातील मराठी वाचक आहेत: महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत शिकणारे विद्यार्थी, आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत विद्युत उपकरणे किंवा तपासणीची यंत्रे बनवणाऱ्या लहान कारखान्यांतील अभियंते. साणंद आणि धोलेरा येथील प्रकल्पांमुळे गुजरातमध्ये चिपविषयीचे बोलणे वाढले आहे. चिपच्या आराखड्याची साधने बांधायला मात्र कारखाना लागत नाही. एक बरा संगणक, मुक्त स्रोत कंपायलर आणि चिकाटी एवढ्यावर ते काम सुरू करता येते. महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले ते उद्योगाचे शास्त्र इथेच शिकवले जावे म्हणून, आणि कंपायलरचे काम त्या उद्देशात अगदी नेमके बसते.

पायरी पहिली: सर्किटला किती वेळ मिळतो, याचा हिशोब कागदावर मांडा

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी आपले साधन कोणत्या प्रकारच्या गणनेसाठी आहे हे आकड्यांत लिहून काढावे. इथे दोन उदाहरणे घेतो; दोन्ही मकरपुऱ्यातील कारखान्याला सहज लागू पडतील अशी आहेत.

पहिले उदाहरण संरक्षण रिलेचे, म्हणजे बिघाड ओळखून वीजपुरवठा तोडायला लावणाऱ्या उपकरणाचे. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि प्रत्येक आवर्तनात ६४ नमुने घेतले जातात, म्हणजे सेकंदाला ३,२०० नमुने. एफपीजीएचे, म्हणजे हवे ते सर्किट नंतर भरता येणाऱ्या चिपचे, क्लॉक ५० मेगाहर्ट्झ धरले, तर दोन नमुन्यांमध्ये १५,६२५ क्लॉक सायकल मिळतात. तीन व्होल्टेज आणि चार करंट अशा सात वाहिन्या असतील, आणि प्रत्येकीसाठी मूळ वारंवारतेचा फेझर (तरंगाची उंची व कोन) काढायला ६४ नमुन्यांना साइन व कोसाइन अशा दोन सहगुणकांनी गुणायचे असेल, तर एकूण ८९६ गुणाकार होतात. सगळे गुणाकार एकाच मल्टिप्लायरवर एकामागून एक केले तरी वेळ उरतो. इथे साधनाकडून वेगाची अपेक्षा नाही. कमीत कमी जागेत, एकच मल्टिप्लायर सर्वांमध्ये वाटून, सर्किट बसवण्याची आहे.

दुसरे उदाहरण पॅकिंगच्या पट्ट्यावर कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या यंत्राचे. प्रतिमा १९२० गुणिले १०८० पिक्सेलची आणि सेकंदाला ६० प्रतिमा, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. क्लॉक १५० मेगाहर्ट्झ असेल तर एका पिक्सेलला जेमतेम सव्वा सायकल मिळते, म्हणून दर सायकलला एक नवा पिक्सेल घेणारी पाइपलाइन बांधण्यावाचून गत्यंतर नाही. तीन गुणिले तीनचा साधा फिल्टर असला तरी प्रत्येक पिक्सेलसाठी नऊ वाचने लागतात. एफपीजीएतील ब्लॉक रॅमला, म्हणजे आतल्या मेमरीला, दोनच पोर्ट असतात. संपूर्ण प्रतिमा एका ॲरेत ठेवून कंपायलरने जसेच्या तसे भाषांतर केले, तर नऊ वाचनांना पाच सायकल लागतील आणि वेग सेकंदाला तीन कोटी पिक्सेलवर अडकेल. मागील दोन ओळी वेगळ्या बफरमध्ये साठवून आणि नऊ पिक्सेलची खिडकी रजिस्टरमध्ये सरकवत नेऊनच हा प्रश्न सुटतो.

दोन्ही प्रोग्राम सीमध्ये लिहिले तर जवळजवळ सारखेच दिसतात: एकात एक बसवलेले लूप, ॲरे, गुणाकार, बेरीज. पायाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. रिलेला लूप आहे तसा राहिला आणि क्रिया वाटून घेता आल्या की पुरे. कॅमेऱ्याला लूपची रचना, ॲरेच्या मिती आणि कोणत्या फेरीत कोणता घटक पुन्हा वाचला जातो हे सारे कंपायलरला दिसत राहायला हवे. पहिल्या पायरीवर हा हिशोब मांडणाऱ्याची पुढील निम्मी निवड आपोआप होते.

पायरी दुसरी: आपले स्वतःचे काम कुठे आहे ते ठरवा

एचएलएस साधनाचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पुढचा भाग सी वाचून मध्यवर्ती रूप तयार करतो. मधला भाग त्या रूपात सुधारणा करतो. मागचा भाग प्रत्येक क्रियेला क्लॉकची सायकल नेमून देतो (यालाच शेड्युलिंग म्हणतात), क्रियांना प्रत्यक्ष मल्टिप्लायर, ॲडर आणि मेमरी पोर्ट वाटतो, नियंत्रणासाठी स्टेट मशीन उभारतो आणि व्हेरिलॉग लिहितो. या तीनपैकी ज्या भागात आपल्याला काही नवे करायचे आहे तेवढाच भाग स्वतः लिहावा आणि बाकीचे तयार घ्यावे. शेड्युलिंगवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सीचा पार्सर लिहीत बसणे म्हणजे वर्ष वाया घालवणे आहे. त्याचप्रमाणे ज्याला रिलेसाठी नवी छोटी भाषा रचायची आहे त्याने शेड्युलर हाताने लिहिण्याऐवजी तयार मागचा भाग असलेला पाया शोधावा.

सर्व काही तयार मिळत असेल आणि आपल्याला फक्त सर्किट हवे असेल, तर नवे साधन बांधूच नये. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये विकसित झालेले बांबू हे मुक्त साधन सी व सी प्लस प्लस घेते, व्हेरिलॉग देते आणि चाचणीसाठी टेस्टबेंचही बनवून देते. रिलेचे काम त्याने होत असेल, तर कारखान्याने आपला वेळ रिलेच्या गणितावर घालवावा.

पायरी तिसरी: मध्यवर्ती रूपाला सहा प्रश्न विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर घाई करू नये. एखादा पाया विचारात घेतला, की त्याच्या मध्यवर्ती रूपात पुढील गोष्टींचे काय होते ते तपासावे: बिटांची रुंदी, लूप, ॲरे, पॉइंटर, वापरकर्त्याने दिलेल्या सूचना आणि वेळ.

बिटांच्या रुंदीपासून सुरुवात करू. प्रोसेसरला ३२ किंवा ६४ बिटांखेरीज फारसे काही चालत नाही, सर्किटला १२ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) जसाच्या तसा चालतो आणि हवाही असतो. एलएलव्हीएमच्या मध्यवर्ती रूपात पूर्णांकाची रुंदी एक बिटापासून ८० लाखांहून अधिक बिटांपर्यंत कितीही लिहिता येते, ही एचएलएससाठी मोठी सोय आहे. सीमध्ये अशी रुंदी लिहिण्याची सोय क्लँगमध्ये, म्हणजे एलएलव्हीएमच्या सी कंपायलरमध्ये, आधी एक्स्टइंट या नावाने आली, आणि पुढे सी २३ या मानकात बिटइंट म्हणून स्थिरावली. ती वापरली नाही, तर सीच्या नियमाप्रमाणे आठ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकारही आधी ३२ बिटांपर्यंत रुंदावतो. हे रुंदावणे एलएलव्हीएमचे नेहमीचे पास, म्हणजे मध्यवर्ती रूप सुधारणारे टप्पे, पूर्ण काढून टाकतील अशी अपेक्षा करू नये, कारण लक्ष्य प्रोसेसरला सोयीच्या नसलेल्या रुंदीवर उतरण्याचे ते टाळतात. म्हणून रुंदी कमी करणारा स्वतःचा पास लिहावा लागतो. प्रत्येक संख्येची किमान व कमाल किंमत प्रोग्रामभर पुढे नेणे आणि पुढे कोणते बिट वापरले जातात ते उलट्या दिशेने शोधणे, अशा दोन फेऱ्यांत तो होतो. एचएलएस बांधणाऱ्या प्रत्येकाने हा पास पहिल्या महिन्यात लिहावा असे माझे मत आहे, कारण त्याने वाचणारी जागा लगेच मोजता येते.

लूप आणि ॲरे यांचा विचार एकत्र करावा लागतो. एलएलव्हीएममध्ये लूप हा बेसिक ब्लॉक (सलग चालणाऱ्या क्रियांचे गट) आणि त्यांच्यातील उड्या एवढ्याच स्वरूपात उरतो. तो पुन्हा ओळखून काढण्याची आणि त्याच्या फेऱ्या मोजण्याची चांगली विश्लेषणे तिथे आहेत, तरीही दोन मितींच्या ॲरेवरील वाचन शेवटी पत्त्याच्या गणितात रूपांतरित होते. प्रतिमेतील आधीच्या ओळीचा शेजारी पिक्सेल वाचायचा आहे, हे वाक्य मूळ पत्त्यातून काही बाइट वजा करण्याच्या क्रियेत विरघळते. रिलेला याने काही बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या फिल्टरला मात्र ओळींचे बफर बांधण्यासाठी हीच माहिती हवी असते, आणि ती उलट्या दिशेने शोधून काढणे कष्टाचे व बेभरवशाचे असते. एमएलआयआरमधील अफाइन या डायलेक्टमध्ये, म्हणजे त्यातील एका पातळीच्या मध्यवर्ती रूपात, लूप लूप म्हणूनच राहतो, ॲरेच्या मिती मेमरेफ या प्रकारात शाबूत राहतात, आणि कोणती फेरी कोणत्या फेरीवर अवलंबून आहे हे गणिताने काढता येते. अफाइनच्या घडणीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उदय बोंधुगुला यांचा मोठा वाटा आहे. बहुपृष्ठीय पद्धतीने लूप बदलण्याचा त्यांचा जुना अभ्यास इथे कामी आला आहे.

पॉइंटरच्या बाबतीत एलएलव्हीएमने अलीकडे मोठा बदल केला. पूर्वी पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो याचा प्रकार त्याच्यासोबत लिहिलेला असे. २०२२ मधील आवृत्ती १५ पासून प्रकारविरहित पॉइंटर हे मूळ वर्तन झाले आणि आवृत्ती १७ मध्ये जुने पॉइंटर पूर्णपणे गेले. प्रोसेसरच्या कंपायलरसाठी हा बदल हिताचा आहे. एचएलएसमध्ये पॉइंटर म्हणजे बहुधा फंक्शनचा बाहेरचा पोर्ट असतो, आणि त्या पोर्टची रुंदी व खोली जुन्या प्रकारावरून काढणारी साधने या बदलाने अडचणीत आली. नवे साधन बांधताना पोर्टची माहिती पॉइंटरच्या प्रकारावर कधीही सोडू नये. ती फंक्शनच्या ॲट्रिब्यूटमध्ये किंवा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावी.

वापरकर्त्याच्या सूचना, म्हणजे हा लूप उलगडा, हा ॲरे चार तुकड्यांत विभागा अशा प्रॅग्मा, याही जपाव्या लागतात. एलएलव्हीएममध्ये मेटाडेटा गाळण्याची मुभा प्रत्येक पासला आहे, त्यामुळे ज्या सूचनेशिवाय सर्किट चुकीचे किंवा निरुपयोगी ठरेल ती मेटाडेटात ठेवू नये.

राहिला वेळ. नेहमीच्या कंपायलरच्या मध्यवर्ती रूपात क्रियांचा क्रम असतो, सायकल नसते. एलएलव्हीएम घ्या किंवा जीसीसी हा दुसरा मुक्त कंपायलर घ्या, वेळेची कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागते, आणि कोणता पाया घ्यावा यावरील बहुतेक मतभेदांचे मूळ इथे आहे.

पायरी चौथी: उमेदवारांची ओळख करून घ्या

एलएलव्हीएमचे काम २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केले आणि पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. एचएलएसमध्ये त्याची मुळे खोल आहेत. यूसीएलएतील संशोधनातून निघालेले ऑटोपायलट हे साधन एलएलव्हीएमवर उभे होते. ते बनवणारी ऑटोईएसएल ही कंपनी झायलिंक्सने २०११ मध्ये घेतली आणि त्यातून पुढे व्हिव्हाडो एचएलएस व व्हिटिस एचएलएस आले. टोरांटो विद्यापीठाचे लेगअपही एलएलव्हीएमवरचेच. ते २०२० मध्ये मायक्रोचिपकडे गेले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने बांधलेली आहिर ही साधनमालाही सी प्रोग्राम एलएलव्हीएममधून नेते, पुढे आ नावाच्या स्वतःच्या मध्यवर्ती भाषेत उतरवते आणि शेवटी व्हीएचडीएल देते. ज्यांना एक संपूर्ण वाट जवळून अभ्यासायची आहे त्यांनी आहिर अवश्य वाचावे: एलएलव्हीएमकडून काय घ्यायचे आणि कुठे त्याला निरोप द्यायचा याची सीमारेषा तिथे स्पष्ट दिसते.

जीसीसीचा विचार आज नव्या साधनासाठी क्वचितच करावा. त्याचे जिंपल हे रूप उत्तम आहे आणि बांबूने दीर्घकाळ त्याच्यावरच काम केले, परंतु पुढे बांबूनेही क्लँगची वाट उघडली. जीसीसीला जोडलेला प्लगिन जीपीएल या मुक्त परवान्याशी सुसंगत असावा लागतो, त्यामुळे साधन विकायचे असेल तर परवान्याचा विचार पहिल्याच दिवशी करावा. एलएलव्हीएमचा परवाना अपाची २.० हा, काही सवलतींसह, असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

एमएलआयआर गूगलमध्ये सुरू झाले, २०१९ मध्ये जाहीर झाले आणि लगेच एलएलव्हीएमच्या छत्राखाली आले. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात एकच ठरीव मध्यवर्ती रूप नाही. वेगवेगळ्या पातळ्यांची रूपे, म्हणजे डायलेक्ट, एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी राहू शकतात आणि आपला स्वतःचा डायलेक्टही रचता येतो. त्याच्यावर उभारलेला सर्क्ट हा प्रकल्प २०२० पासून हार्डवेअरच्या बाजूचे डायलेक्ट पुरवतो: जोडणीसाठी एक, कॉम्बिनेशनल तर्कासाठी एक, रजिस्टरसाठी एक, हँडशेकने चालणाऱ्या सर्किटसाठी एक, आणि शेवटी वाचनीय व्हेरिलॉग लिहिणारा भाग. ज्या वेळेचा उल्लेख वर केला ती इथे मध्यवर्ती रूपातच लिहिता येते, शिवाय शेड्युलिंगच्या काही तयार पद्धतीही मिळतात. सर्क्टचा व्हेरिलॉग लिहिणारा भाग प्रयोगशाळेपुरता नाही, कारण चिझेल ही हार्डवेअर भाषा आवृत्ती ५ पासून त्याच्यावरच चालते.

एमएलआयआरची उणीव पुढच्या बाजूला आहे. सीपासून अफाइनपर्यंत नेणारा पॉलिगाइस्ट हा प्रकल्प आहे आणि क्लँगला एमएलआयआरशी जोडणाऱ्या क्लँगआयआरचे काम एलएलव्हीएमच्या मुख्य भांडारात सामील होत आहे, परंतु क्लँगमधून एलएलव्हीएमकडे जाणाऱ्या वाटेइतकी ही वाट मळलेली नाही. सीऐवजी पायथनमधून किंवा स्वतःच्या छोट्या भाषेतून सुरुवात करणार असाल, तर ही उणीव उरत नाही.

याखेरीज तीन नावे लक्षात ठेवावीत. कॉर्नेल विद्यापीठाचे कॅलिक्स हे रस्टमध्ये लिहिलेले असून स्वतःची भाषा बनवणाऱ्यांना नियंत्रण आणि जोडणी वेगवेगळी लिहू देते, आणि स्टेट मशीन स्वतः बांधते. गूगलचे एक्सएलएस सरळ पुढे वाहणाऱ्या पाइपलाइनसाठी चांगले आहे. लोझानच्या ईपीएफएलमधील डायनॅमॅटिक क्रियांच्या वेळा आधी ठरवत नाही; डेटा आला की क्रिया घडते. ज्या प्रोग्राममध्ये मेमरीचे पत्ते चालू असतानाच कळतात तिथे ही पद्धत वेग देते, पण तिच्यासाठी जागा जास्त लागते. आपल्या रिलेला तिची गरज नाही.

पायरी पाचवी: एकच छोटा प्रोग्राम शेवटपर्यंत नेऊन पाहा

कागदावरची तुलना संपली की उरलेल्या दोन पायांवर, म्हणजे एलएलव्हीएम आणि एमएलआयआरवर, एकच प्रोग्राम चालवून पाहावा. आठ सहगुणकांचा एफआयआर फिल्टर (शेवटच्या काही नमुन्यांना सहगुणकांनी गुणून बेरीज करणारा) त्यासाठी पुरेसा आहे: त्यात एक लूप, दोन ॲरे, गुणाकार आणि फेरीमागून फेरी पुढे जाणारी बेरीज एवढे सगळे येते. शेड्युलर जमेल तितका साधा ठेवावा, पण वाट सीपासून व्हेरिलॉगच्या सिम्युलेशनपर्यंत पूर्ण करावी.

एलएलव्हीएमच्या वाटेवर काही गोष्टी नवख्याला अडवतात. क्लँगला ऑप्टिमायझेशनची शून्य पातळी दिली, तर तो प्रत्येक फंक्शनवर सुधारणा करू नये असा शिक्का मारतो आणि नंतर आपण चालवलेले पास गुपचूप वगळले जातात. म्हणून पहिली पातळी देऊन एलएलव्हीएमचे पास न चालवण्याचा पर्याय निवडावा आणि हवे ते पास स्वतः क्रमाने चालवावेत. आधी सर्व फंक्शन मुख्य फंक्शनमध्ये सामावून घ्यावीत, मग स्थानिक चले मेमरीतून रजिस्टरच्या रूपात आणावीत, मग लूप प्रमाणित रूपात आणावेत. तिसरी पातळी सरसकट चालवू नये: तिच्यात व्हेक्टर प्रोसेसरसाठी लूप बदलले जातात, ॲरे शून्य करणाऱ्या लूपचे मेमसेटच्या हाकेत रूपांतर होते, स्विचचे कोष्टकात रूपांतर होते, आणि प्रोसेसरला फायद्याचे असलेले हे बदल सर्किटला भार होतात. स्वतःचा पास लिहिण्यासाठी संपूर्ण एलएलव्हीएम बांधण्याची गरज नसते. उबुंटूच्या तयार पॅकेजवर बाहेरून जोडता येणारा प्लगिन लिहिला की पुरते. विद्यार्थ्यांना सी प्लस प्लसची धास्ती असेल तर पायथनमधील एलएलव्हीएमलाइट वापरून मध्यवर्ती रूप वाचता येते आणि शेड्युलर पायथनमध्ये लिहिता येतो. शिकण्यासाठी मी हीच वाट सुचवीन.

एमएलआयआर आणि सर्क्टच्या वाटेवर बहुधा संपूर्ण बांधणी करावी लागते. बांधणी रिलीज प्रकारची करावी, तपासणीची विधाने चालू ठेवावीत, लक्ष्य प्रोसेसर फक्त आपल्या संगणकाचा निवडावा, लिंकर म्हणून एलएलडी घ्यावा, आणि एका वेळी चालणाऱ्या लिंकिंगच्या कामांवर मर्यादा घालावी. मेमरी संपून बांधणी मोडण्याचे कारण बहुधा लिंकिंगच असते.

शेड्युलिंगसाठी यादीवर आधारित साधी पद्धत रिलेला पुरते. पुढे जाताना जेसन काँग आणि झिरू झांग यांनी २००६ मध्ये मांडलेली एसडीसी पद्धत शिकावी. तिच्यात क्रियांच्या सायकलींमधील अंतरांची बंधने रेषीय असमानतांच्या रूपात लिहितात, आणि त्या बंधनांच्या विशिष्ट रचनेमुळे साध्या रेषीय प्रोग्रामिंगनेही उत्तर पूर्णांकातच मिळते. लेगअप याच पद्धतीने शेड्युलिंग करत असे. कॅमेऱ्याच्या पाइपलाइनसाठी तिच्यावर मॉड्युलो शेड्युलिंगची जोड द्यावी लागते, म्हणजे एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू करण्याचे नियम.

इथे एक गोष्ट कोणताही पाया देत नाही आणि पुष्कळ जण ती शेवटी आठवतात: आपल्या एफपीजीएवर १६ बिटांच्या बेरजेला किती नॅनोसेकंद लागतात हे कोष्टक. शेड्युलर या कोष्टकाविना आंधळा असतो. लॅटिसच्या आयस४० किंवा ईसीपी५ या मालिकांसाठी यॉसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मुक्त साधने वापरून ८, १६, २४ आणि ३२ बिटांच्या प्रत्येक क्रियेचा विलंब स्वतः मोजावा आणि ते कोष्टक साधनाच्या भांडारातच ठेवावे.

पायरी सहावी: बरोबर आहे हे कसे सिद्ध कराल, ते आधीच ठरवा

मूळ सी प्रोग्राम साध्या कंपायलरने चालवून त्याची उत्तरे साठवावीत. प्रत्येक पासनंतरचे एलएलव्हीएम रूपही चालवता येते, त्यामुळे चूक नेमक्या कोणत्या पासमध्ये शिरली ते शोधता येते, आणि एलएलव्हीएमच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. शेवटचे व्हेरिलॉग व्हेरिलेटर या सिम्युलेटरमध्ये चालवून तीच उत्तरे ताडून पाहावीत. इनपुट प्रोग्राम आधी सॅनिटायझरखाली (चालताना चुका पकडणाऱ्या कंपायलरच्या सोयीखाली) तपासावा, कारण किंमत न दिलेले चल किंवा रुंदीपेक्षा मोठी शिफ्ट असेल, तर कंपायलर एक गृहीत धरतो आणि सर्किट दुसरेच काही देते, आणि दोष उगाच आपल्या शेड्युलरवर येतो. आपला प्रोग्राम चालू लागला की एचएलएसच्या चाचणीसाठीच्या सीएचस्टोन संचातील १२ प्रोग्राम घ्यावेत. लूप आणि ॲरेवर भर असेल तर पॉलिबेंच हा संच घ्यावा. संरक्षण रिलेसारख्या उपकरणाची पुढे प्रयोगशाळेत चाचणी होणारच असते, पण कंपायलरची चूक तिथपर्यंत पोहोचू देणे परवडणारे नाही.

पायरी सातवी: पाच वर्षांनी हे साधन कोण सांभाळणार

कंपायलरचे पाये बदलतात आणि कधी कधी मरतातही. स्टॅनफर्डच्या सुइफ या कंपायलर-पायावर नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरेच संशोधन उभे राहिले. आज त्यावर नवे साधन कोणी बांधणार नाही. एलएलव्हीएमची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिच्या सी प्लस प्लस इंटरफेसच्या स्थैर्याची हमी दिली जात नाही. याची किंमत मोठ्या कंपन्याही मोजतात: व्हिटिस एचएलएसचा झायलिंक्सने खुला केलेला पुढचा भाग एलएलव्हीएमच्या आवृत्ती ७ वर होता, आणि ती आवृत्ती २०१८ ची आहे. लेगअपची संशोधनासाठी खुली राहिलेली आवृत्तीही जुन्या एलएलव्हीएमवरच थांबली.

म्हणून एक आवृत्ती निवडून ती नोंदवून ठेवावी आणि वर्षातून एकदाच, ठरवून, पुढे सरकावे. एलएलव्हीएमला हात लावणारा सगळा कोड एका लहान भागात कोंडावा. त्या भागाने मध्यवर्ती रूप वाचून आपल्या स्वतःच्या आलेखात उतरवावे, आणि शेड्युलिंग, वाटणी व व्हेरिलॉगलेखन या आलेखावरच चालावे. पॉइंटरसारखा बदल पुन्हा आला तरी तेवढाच भाग दुरुस्त करावा लागतो. सर्क्ट तर एलएलव्हीएमच्या एका ठरावीक कमिटशी बांधलेले असते. तिथे आपली आवृत्ती स्वतंत्र निवडण्याचा प्रयत्न करू नये, त्यांनी बांधलेलीच घ्यावी. महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्यांना हे विशेष सांगावेसे वाटते, कारण एक तुकडी बाहेर पडते आणि पुढची तुकडी येते तेव्हा आधीचे साधन बांधताच येत नाही, आणि चांगले काम कपाटात पडून राहते. बांधणीच्या सर्व सूचना एका कंटेनरच्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या, तर हे टळते.

निवड

आता सुरुवातीच्या दोन उदाहरणांकडे निवडीसाठी वळू. रिलेसाठी आणि तत्सम मंद, पण जागेला कडक असलेल्या कामांसाठी, दोन-तीन जणांच्या गटाने क्लँग आणि एलएलव्हीएम घ्यावे, बिटांची रुंदी कमी करणारा पास, यादीवरचे शेड्युलिंग आणि मल्टिप्लायरची वाटणी स्वतः लिहावी, आणि व्हेरिलॉगही साध्या मजकुरासारखे स्वतःच लिहावे. कॅमेऱ्यासाठी, आणि ज्या ज्या कामात ॲरे कसा विभागायचा हा मुख्य प्रश्न आहे त्यासाठी, एमएलआयआरच्या अफाइनपासून सुरुवात करावी आणि सर्क्टमध्ये उतरावे. पहिले काही महिने शिकण्यात जातील हे मालकाला किंवा मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवावे. नवी भाषा रचायची असेल आणि शेड्युलिंगमध्ये रस नसेल तर कॅलिक्स घ्यावे. गट एका माणसाचा असेल आणि मुदत एका सत्राची असेल, तर बांबू घेऊन त्यात एक पास जोडावा. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट पहिल्याच आठवड्यात चालते सर्किट हाती असल्याने उरलेला वेळ त्या एका पासच्या मोजमापाला देता येतो. बांबूचा परवाना जीपीएल आवृत्ती ३ चा आहे, म्हणून त्यात बदल करून साधन दुसऱ्या कोणाला देताना आपला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल.